वरातीच्या घोडीचा हॉक-संधिवात : निदानानंतरची दोन वर्षे

धुळे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या घोडेमालकाने २ फेब्रुवारी २०२३ रोजी, ऐन लग्नसराईत, आपली मारवाडी घोडी मला दाखवली. घोडी सब्जा (करड्या-पांढऱ्या) रंगाची, साठ इंच उंचीची, नाचकामात तयार झालेली आणि मालकाच्या सांगण्याप्रमाणे नऊ वर्षांची होती. या लेखात तिला चांदणी म्हटले आहे. पाच माणसांचे घर तिच्या कमाईवर चालत होते आणि त्या महिन्यात अकरा वरातींच्या सुपाऱ्या घेतलेल्या होत्या. दिवाळीपासून घोडी सकाळी आखडून चालते, अर्ध्या तासाने मोकळी होते, थंडी सरली की बरे वाटेल, असे घरातल्यांचे मत होते. प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, त्या दिवशी जे निदान झाले ते कोणत्याही अश्ववैद्याला दोन तासांत करता येण्यासारखे होते, परंतु त्यानंतर दोन वर्षे दर आठवड्याला काय करायचे आणि काय सोडायचे हे ठरवताना मालकाची व माझी जी कसोटी लागली, तिच्याविषयी आमच्या अभ्यासक्रमात फारसे शिकवले जात नाही.

आजाराची पहिली खूण नालबंदाच्या लक्षात आली होती. एरवी शांत उभी राहणारी ही घोडी मागचा डावा पाय वर धरला की हिसका देऊन सोडवून घेऊ लागली, खिळे ठोकताना अंग टाकू लागली, आणि काढलेल्या जुन्या नालांचा पुढचा भाग इतका झिजलेला असे की, ती पाऊल उचलून टाकण्याऐवजी घासत नेत असली पाहिजे, असे त्याने मालकाला दोनदा सांगितले. मालकाने ते हट्टीपणाचे लक्षण मानले. पुढे ती नाचासाठी खाटेवर चढायला नकार देऊ लागली, खोगीर ठेवताना पाठ खाली दाबू लागली, आणि तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ‘कमरी’ झाल्याचे सांगितले. हा अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येत नाही, कारण कमरी व सर्रा या दोन्ही रोगांत घोड्याचा मागचा भाग कमकुवत होतो आणि दोन्ही रोग आपल्याकडे आढळतात. म्हणून मी प्रथम तेच तपासले. घोडीला लहान वर्तुळात फिरवले, चालताना शेपटी एका बाजूला ओढून पाहिली, मागे सरकवले आणि रक्ताची काच तपासली. तिचा तोल कोठेही गेला नाही, पाय एकमेकांत अडकले नाहीत, रक्तात सर्ऱ्याचे परजीवी दिसले नाहीत. मागच्या पायांत शक्ती होती, मात्र त्यांवर भार घेण्याची तिची तयारी नव्हती. ती दुखण्याची खूण होती.

दात पाहिले तेव्हा वरच्या कोपऱ्यातील पटाशीच्या दातावरची उभी खाच हिरडीपासून चांगलीच खाली उतरलेली दिसली. ही खाच साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसू लागते आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास दाताच्या मध्यापर्यंत पोहोचते, त्यामुळे चांदणी बारा-तेरा वर्षांची असावी असा माझा अंदाज झाला. मालकाने ती तीन वर्षांपूर्वी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घेतली होती. तापीकाठच्या या बाजारात घोडा पाहणारे लोक कानांची टोके जुळतात का, देवमण (शुभ मानलेला भोवरा) कोठे आहे, कोणते भोवरे शुभ व कोणते अशुभ, हे फार बारकाईने पाहतात. घोडा कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवून, मागून पाहून घेणारा गिऱ्हाईक मला तेथे क्वचितच दिसला आहे. पाच मिनिटांच्या त्या पाहणीतून जे कळते ते रात्री दिव्यांच्या झगमगाटात हलगीवर नाचणारा घोडा पाहून कळत नाही.

कडक मुरमाच्या रस्त्यावर दुडकी चाल करवली तेव्हा ती डाव्या मागच्या पायाने सतत लंगडत होती. शून्य ते पाच या मापात मी तो लंगडेपणा तीन धरला. पाय साठ सेकंद दुमडून धरून लगेच पळवल्यावर तो स्पष्टपणे वाढला. या दुमड-चाचणीवर एकटीवर विसंबता येत नाही, कारण घोड्याच्या मागच्या पायाची रचनाच अशी आहे की, हॉक, म्हणजे मागच्या पायाचा मधला सांधा, दुमडला की वरचा गुडघाही दुमडतो आणि दुखणे नेमके कोणत्या सांध्याचे आहे हे उघड होत नाही. म्हणून हॉकच्या सर्वांत खालच्या सांध्यात चार मिलिलिटर लिग्नोकेन देऊन तो भाग बधिर केला. दहा मिनिटांनी पुन्हा पळवल्यावर डाव्या पायाचा लंगडेपणा बहुतांशी गेला, आणि आतापर्यंत झाकलेला उजव्या पायाचा लंगडेपणा वर आला. दोन्ही पाय दुखत होते, पैकी डावा अधिक दुखत असल्यामुळे उजव्याची तक्रार कोणाला दिसत नव्हती. मालकाला सर्वाधिक धक्का या क्षणी बसला असे मला वाटते.

पुढचे समजण्यासाठी या सांध्याची रचना थोडी सांगावी लागेल. आपल्याकडे ज्याला सरसकट मागचा गुडघा म्हणतात तो हॉक खरे तर माणसाच्या घोट्याशी जुळणारा सांधा आहे, आणि त्याचे मागे आलेले टोक म्हणजे घोड्याची टाच. त्यात एकावर एक असे चार सांधे आहेत. पाय दुमडण्याची व ताणण्याची जवळजवळ सर्व हालचाल सर्वांत वरच्या सांध्यात होते. खालच्या दोन सांध्यांत चपट्या हाडांची चळत असते, ती हाडे एकमेकांवर किंचित सरकतात आणि पाऊल टेकताना बसणारा धक्का व पीळ सोसतात. चांदणीचा रोग या खालच्या सांध्यांचा होता. उत्तरेकडून घोडे आणणारे जुने व्यापारी त्याला ‘हड्डा’ म्हणतात, कारण वाढत गेलेला रोग हॉकच्या आतल्या बाजूला, खालच्या भागात, हाडासारख्या कठीण उंचवट्याच्या रूपाने हाताला लागतो. सांध्यातील कूर्चा झिजते, हाडाच्या कडांना काटे फुटतात, आणि काही घोड्यांत अनेक वर्षांनी ती हाडे एकमेकांना जुळून एकसंध होतात. तसे झाले तर दुखणे थांबू शकते, आणि त्या सांध्यात मुळातच हालचाल थोडी असल्यामुळे चाल फारशी बिघडत नाही. मात्र असे जुळणे केव्हा होईल, आणि होईल की नाही, हे कोणालाही आधी सांगता येत नाही.

हा रोग तिला का झाला याचे एकच कारण दाखवता येणार नाही. तिचे हॉक जरा जास्त वाकलेले, विळ्याच्या आकाराचे होते आणि अशा पायात सांध्यावरचा ताण वाढतो. त्याशिवाय ती नाचकामाची घोडी होती. नाचात घोडा अंगाचा भार मागच्या पायांवर घेऊन जागच्या जागी पावले आपटतो, खाटेच्या अरुंद जागेत वळतो, मागच्या पायांवर उभा राहतो, आणि हे सारे डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर दोन-दोन तास चालते. माझ्या मते या कामाचा तिच्या दुखण्यात मोठा वाटा आहे. लहान वयात, हाडे पुरती पक्की होण्याआधी नाचाला लावलेल्या घोड्यांबद्दल मला जी काळजी वाटते ती या प्रकरणाने वाढली.

फिरत्या यंत्राने प्रत्येक हॉकची चार कोनांतून क्ष-किरण चित्रे घेतली. डाव्या हॉकमध्ये खालून दुसऱ्या सांध्याची फट जवळजवळ बुजलेली, कडा कुरतडल्यासारख्या, आणि पुढच्या-आतल्या बाजूला हाडाचे काटे दिसत होते. उजव्यात सर्वांत खालच्या सांध्यापाशी एक लहानसा काटा होता, बाकी चित्र बरेच स्वच्छ होते. मालकाने डाव्या पायाचे चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, “साहेब, घोडी गेली का?”

त्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते अपुरे होते, आणि त्याचा परिणाम घोडीला भोगावा लागला. मी सांध्यांची नावे सांगितली, फट दाखवली, हा रोग मुळापासून बरा होत नाही पण आटोक्यात ठेवता येतो असे म्हणालो, आणि सांध्यात इंजेक्शन देण्यासाठी पुढच्या आठवड्याची तारीख दिली. मालक घरी गेला तेव्हा त्याच्या मनात ‘हाड खराब झाले, बरे होत नाही’ एवढेच उरले होते. आज रात्री घोडी कोठे उभी करायची, उद्या सकाळी तिला चालवायचे की नाही, उद्याच्या सुपारीवाल्याला काय सांगायचे, यांतले काहीही मी सांगितले नव्हते. ती पोकळी नातेवाइकांनी भरली. एकाने डाग देण्याचा आग्रह धरला, दुसऱ्याने तो सौम्य करून बिब्ब्याचे तेल लावण्याचा उपाय सुचवला, आणि मालकाने दुसरा उपाय केला. चार दिवसांत दोन्ही हॉकच्या आतल्या बाजूची कातडी भाजल्यासारखी होऊन पाणी सुटू लागले. चिघळलेल्या कातडीतून सांध्यात सुई घालणे म्हणजे सांध्यात जंतू नेणे होय, आणि सांध्यात पू झाला तर घोडा वाचवणे कठीण असते. त्यामुळे इंजेक्शन सुमारे दोन आठवडे पुढे गेले. तेव्हापासून निदान सांगून झाले की पहिल्या सात दिवसांचा कार्यक्रम मी कागदावर लिहून देतो, आणि मालकाकडून तो वाचून घेतो.

वेदनाशामकांचा प्रश्नही त्याच वेळी पुढे आला. गावातील एका औषधोपचार करणाऱ्याने वरातीच्या दिवशी घोडीला माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक टोचले होते, आणि हे महिनाभरात आठ वेळा झाले होते. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकचे उत्पादन भारतात २००६ साली बंद झाले, कारण हे औषध अंगात असताना मेलेल्या जनावराचे मांस खाल्लेली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. त्याच कारणाने २०२३ च्या जुलैअखेरीस असेक्लोफेनॅक व किटोप्रोफेन या औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली. घोडीच्या दृष्टीने याहून जवळचा धोका असा होता की, दुखणे झाकून तिला नाचवले जात होते आणि दुखऱ्या सांध्याला मिळालेली एकमेव सूचना, म्हणजे वेदना, काढून घेतली जात होती. रक्ततपासणीत मूत्रपिंडे व प्रथिने ठीक आढळली. पाच दिवस काहीही न देता नंतर फिनाइलब्युटाझोन सुरू केले. पहिल्या दिवशी शरीराच्या दर किलोमागे ४.४ मिलिग्रॅम व नंतर २.२ मिलिग्रॅम असे दहा दिवस देऊन ते थांबवले. हे औषध स्वस्त व प्रभावी असले तरी जास्त दिवस किंवा जास्त मात्रेत दिल्यास पोटात व मोठ्या आतड्यात व्रण होतात, आणि पाणी कमी पिणाऱ्या घोड्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो. मी मालकापुढे एक अट ठेवली. औषध घोडीला आराम मिळावा म्हणून द्यायचे, काम करून घेण्यासाठी द्यायचे नाही, आणि औषध चालू असलेल्या दिवसांत तिच्यावर खोगीर चढणार नाही. दुखण्याने काम करण्यास असमर्थ झालेल्या जनावराला कामाला लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे हेही सांगितले, परंतु मालकाने अट मान्य केली ती कायद्याच्या भीतीने केली असे मला वाटत नाही. घोडी लंगडत असताना सुपारी घेतली याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

गोठ्यात जे पाहिले त्यावरून बरेच काही बदलावे लागले. घोडी शहाबादी फरशीवर, अगाडी-पिछाडी बांधून उभी असे. पिछाडीच्या दोरामुळे मागचे पाय ताणलेले राहत, तिला मोकळेपणी बसता-उठता येत नसे, आणि उठताना ज्या सांध्यावर सर्वाधिक जोर येतो तोच सांधा दोराने आवळलेल्या पायात वापरावा लागे. पिछाडी त्याच दिवशी कायमची सुटली. फरशीवर मुरूम दाबून त्यावर उसाच्या वाळलेल्या पाचटाचा जाड थर दिला, आणि विहिरीमागच्या रिकाम्या जागेत बांबूचे कुंपण घालून तिला दिवसभर मोकळे ठेवण्याची सोय केली. मालकाला वाटत होते की आजारी घोडीला बांधून पूर्ण विश्रांती द्यावी. या रोगात त्याने नुकसान होते. सांधा उभ्या-उभ्या आखडतो, स्नायू उतरतात, आणि स्नायूंनी उचलायचा भार पुन्हा सांध्यावर येतो. रोज दोन वेळा दहा-दहा मिनिटे, सरळ वाटेने, हातात दोर धरून, कदम चालीने फिरवणे येथून सुरुवात झाली. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवायची, लहान वर्तुळात फिरवायचे नाही, उतारावर न्यायचे नाही असे ठरले.

वजनाचा मुद्दा पटवायला सर्वांत जास्त वेळ लागला. छातीचा घेर १७२ सेंटिमीटर व लांबी १५२ सेंटिमीटर होती. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८७७ या सूत्राने वजन सुमारे ३७९ किलो आले. मानेवर चरबीचा उंचवटा होता, बरगड्या दाबूनही लागत नव्हत्या. वरातीची घोडी गोल व तुकतुकीत दिसली पाहिजे म्हणून तिला रोज तीन किलो हरभरा, गूळ आणि सणावाराला तूप मिळत असे. घरच्या बाईंनी तोबरा कमी करण्यास साफ नकार दिला. “दुखण्यात असलेल्या लेकराचं खाणं कोणी तोडतं का, डॉक्टरसाहेब?” असे त्या म्हणाल्या, आणि त्या प्रश्नातली माया मला खोडून काढायची नव्हती. त्यामुळे खाणे तोडण्याऐवजी बदलले. हरभरा सहा आठवड्यांत हळूहळू अर्ध्या किलोवर आणला, गूळ व तूप बंद केले, आणि कडबा व वाळलेले गवत दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्यायला सांगितले, जेणेकरून तिचे तोंड चालू राहील आणि बाईंच्या हातून तिला वारंवार काही मिळत राहील. घोड्याला एकदम उपाशी ठेवणे धोक्याचे असते, हे येथे आवर्जून नोंदवतो. ऑक्टोबरपर्यंत घेर १६६ सेंटिमीटर झाला, म्हणजे वजन ३५३ किलोवर आले. सहा महिन्यांहून अधिक काळात उतरलेल्या या २६ किलोंचा उपयोग माझ्या इंजेक्शनांपेक्षा जास्त झाला असावा, असे माझे आजही मत आहे.

नालबंदीत नालबंदाचे ज्ञान आणि माझी गरज यांचा चांगला मेळ बसला. पूर्वी नाल अडीच-तीन महिन्यांनी बदलत, तोवर खुराचा पुढचा भाग लांबलेला असे आणि पाऊल उलटताना हॉकवर जास्त जोर येई. आता दर सहा आठवड्यांनी काम करायचे, पुढचा भाग आखूड ठेवायचा, टाच जास्त तासायची नाही, आणि नालेचे टोक गोलावून द्यायचे असे ठरले. पाय उंच न उचलता जमिनीलगत धरायचा, दोन खिळे मारून पाय सोडायचा, थोडा वेळ उभे राहू द्यायचे, मग पुढचे खिळे मारायचे, ही सूचना त्याचीच. तेव्हापासून घोडीने त्याच्या हातातून पाय हिसकावला नाही.

कातडी भरल्यावर २५ फेब्रुवारीला डाव्या हॉकच्या खालच्या दोन्ही सांध्यांत आणि उजव्या हॉकच्या सर्वांत खालच्या सांध्यात ट्रायअ‍ॅम्सिनोलोन हे स्टेरॉइड दिले. खालचे दोन सांधे काही घोड्यांत आतून जोडलेले असतात, पण त्यावर विसंबता येत नाही, म्हणून डावीकडे दोन स्वतंत्र सुया घातल्या. घोडी स्थूल असल्यामुळे खुरांना सूज येण्याचा धोका मनात ठेवून एकूण मात्रा १२ मिलिग्रॅमवर ठेवली आणि दोन आठवडे खुरांची उष्णता रोज पाहायला सांगितली. सांध्यात मद्यार्क टोचून तो मुद्दाम जुळवण्याचा उपायही चर्चेत होता. तो मी टाळला, कारण खालचा सांधा वरच्या हालत्या सांध्याशी जोडलेला नाही याची रंगद्रव्य सोडून खात्री केल्याशिवाय मद्यार्क सोडणे म्हणजे उरलेला चांगला सांधाही जाळण्याचा धोका पत्करणे, आणि तशी सोय गावात नव्हती. शस्त्रक्रियेने सांधे जुळवण्याचा खर्च घराच्या आवाक्याबाहेरचा होता.

मार्चअखेर लंगडेपणा तीनवरून एकवर आला. मालकाच्या आठवीतल्या मुलाने एका शाळकरी वहीत रोजची नोंद सुरू केली होती. सकाळी पहिल्या वीस पावलांत कशी चालली, किती मिनिटे फिरवली, बसून उठताना अडखळली का, शेण कसे होते, अशा चार ओळी तो लिही. या वहीमुळे पुढचे बहुतेक निर्णय सोपे झाले, कारण आठवणीवर विसंबणारा माणूस दुखण्याचे वाईट दिवस तरी विसरतो किंवा चांगले दिवस तरी.

२०२३ साली श्रावण अधिक आल्याने चातुर्मास पाच महिन्यांचा झाला आणि लग्ने २९ जूनपासून २३ नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली. मालकाला ती सक्तीची बेकारी वाटली, मला घोडीच्या दृष्टीने ती मोठी संधी वाटली. मात्र जुलैत पाऊस लागला तेव्हा वहीत वाईट दिवस वाढले. तापीच्या खोऱ्यातली काळी माती ओली झाली की पाय धरून ठेवते, आणि रुतलेला पाय ओढून काढताना हॉकला पीळ बसतो. फिरवण्याची वाट बदलून मुरमाड माळावर नेली. तरीही ऑगस्टमध्ये उजवा पाय स्पष्ट लंगडू लागला. ज्या पायाचे चित्र जवळजवळ स्वच्छ होते तोच आता जास्त दुखत होता, आणि ज्या डाव्या सांध्याची फट बुजली होती तो शांत होता. नवे चित्र काढले, त्यात उजव्या सांध्याचा काटा किंचित वाढलेला होता, एवढेच. या रोगात चित्रातली खराबी आणि घोड्याला होणारे दुखणे यांचे प्रमाण जुळेलच असे नसते हे मी अनेकदा वाचले होते, पण मालकाला त्या ऑगस्टमध्ये ते समजावून सांगताना मलाही नव्याने समजले. चित्र पाहून ‘घोडी गेली’ म्हणायचे नाही, आणि चित्र पाहून ‘काही नाही’ असेही म्हणायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवून टाकले. उजव्या सांध्यात दुसरे इंजेक्शन दिले.

याच काळात मालकाने घोडी भरवून शिंगरू घ्यावे का, असे विचारले. नाचता येत नसेल तर निदान वंश तरी चालेल, हा विचार स्वाभाविक होता. मी नको म्हणालो. अकरा महिन्यांच्या गाभणपणात शेवटच्या तिमाहीत वाढणारे वजन याच सांध्यांवर येणार होते, आणि विळ्यासारखे हॉक पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता होती. सुंदर कान व देवमण पाहून अशा पायांच्या घोड्या भरवल्या जातात, आणि तेच पाय दहा वर्षांनी आमच्याकडे येतात.

तुळशीचे लग्न झाल्यावर मालकाने मर्यादित काम सुरू करण्याची परवानगी मागितली. वहीतल्या शेवटच्या सहा आठवड्यांत एकही वाईट दिवस नव्हता आणि औषध बंद होते, म्हणून महिन्याला पाचपेक्षा जास्त वराती नाहीत, एका वरातीत एक तासापेक्षा जास्त उभे राहणे नाही, नाच व खाट नाही, नवरदेव उतरला की घोडी घरी, या अटींवर मी होकार दिला. तो होकार योग्य होता का, याबद्दल माझ्या मनात आज शंका आहे. घोडीच्या पायांचा विचार मी पुरेसा केला होता. भर वरातीत, स्पीकरच्या भिंतीसमोर, नवरदेवाचे मित्र नोटा नाचवत उभे असताना दोर धरलेल्या माणसाला ‘नाच नाही’ म्हणता येईल का, हा विचार मी केला नव्हता.

त्यानंतर डिसेंबरात आणखी एक परीक्षा झाली. २६ डिसेंबर २०२३ ला दत्तजयंती होती आणि मालक चांदणीला घेऊन सारंगखेड्याला गेला. मला त्याने आधी सांगितले, आणि मी एवढेच म्हणालो की विकायची तर चित्रे व वही सोबत न्या. औषध देऊन उभी केलेली घोडी दोन दिवस कोणाला कळली नसती, हे तोही जाणून होता. एका व्यापाऱ्याने घोडी पसंत करून चांगली किंमत बोलली, मालकाने चित्रे दाखवली, किंमत पाचव्या हिश्श्यावर आली. एवढ्या कमी किमतीला घेणारा माणूस तिच्याकडून काय करून घेईल हे ओळखून तो तिसऱ्या दिवशी घोडीसह परत आला.

जानेवारीच्या मध्यावर एका वरातीत तेच घडले ज्याचा मी विचार केला नव्हता. मालक तापाने घरी होता, दोर भाच्याच्या हातात होता, आणि मंडळींच्या आग्रहाने चांदणी दहा-बारा मिनिटे नाचली. दुसऱ्या दिवशी ती उठायला तयार नव्हती, वहीत मुलाने ‘उठली नाही, मामाच्या मुलाला बोलवा’ एवढेच लिहिले होते. दोन्ही पाय दुखत होते, पाठीचे स्नायू दगडासारखे झाले होते. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक दर किलोमागे ०.६ मिलिग्रॅम प्रमाणे एक आठवडा दिले, आणि पुन्हा दहा मिनिटांच्या फेऱ्यांपासून सुरुवात करावी लागली. पूर्वीच्या जागी यायला तिला साडेतीन महिने लागले. त्या आठवड्यात मालकाने उरलेल्या चार सुपाऱ्यांचे पैसे परत केले आणि चांदणीचे वरातीचे काम बंद केल्याचे गावात सांगून टाकले. पैशांची ओढाताण खरी होती. त्याने एका स्नेह्याच्या घोड्यावर अर्ध्या हिश्श्याने वराती घ्यायला सुरुवात केली, आणि पहिला हंगाम कर्जातच गेला.

फेब्रुवारी २०२५ मधील तपासणीत डाव्या हॉकचा खालून दुसरा सांधा बहुतांशी जुळलेला दिसला आणि दुमड-चाचणीनंतर त्या पायाचा लंगडेपणा वाढला नाही. उजवा सांधा अजून जुळलेला नाही, कडाक्याच्या थंडीत तो सकाळी आखडतो, आणि त्या वेळी मेलॉक्सिकॅम चार-पाच दिवस द्यावे लागते. वजन ३५६ किलोवर टिकून आहे. ती रोज चाळीस मिनिटे माळावर फिरते, अंगावर कोणी बसत नाही, आणि स्नेह्याच्या बुजऱ्या घोड्याला रस्त्यावर नेताना पुढे चालायला तिला सोबत घेतात. वही आता तिसरी आहे, मुलगा दहावीत असल्याने नोंदी त्याची आई करते. पुढची तपासणी दिवाळीनंतर, थंडी पडण्याआधी करायची आहे, आणि त्या वेळी उजव्या हॉकची चारही कोनांतून चित्रे पुन्हा घेण्याचे ठरले आहे.